हस्तगत बंदुकीची साधनचिकित्सा : एन्फिल्ड रायफल, १८५७-५८ चा संघर्ष आणि खानदेशाचे इतिहासलेखन

सारांश

१८५७ च्या संघर्षाविषयीच्या मराठी लेखनात एन्फिल्ड रायफलीचा उल्लेख वारंवार येतो. मात्र तो बहुधा काडतुसाच्या प्रकरणापुरता मर्यादित राहतो. प्रत्यक्ष शस्त्र, त्याचा पल्ला, ते कोणाच्या हाती होते, कोणाला नाकारले गेले आणि युद्धानंतर त्याचे काय झाले, या प्रश्नांकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात युद्धात हस्तगत झालेली रायफल हे ऐतिहासिक साधन मानून तिची चिकित्सा कशी करावी याचा विचार केला आहे. त्या आधारे १८५७ च्या मराठी कथनातील एक उणीव दाखविण्याचा प्रयत्न केला असून, त्यासाठी सातपुड्याच्या परिसरातील भिल्लांच्या उठावाचा संदर्भ मध्यवर्ती मानला आहे.

बीजशब्द : एन्फिल्ड रायफल, हस्तगत शस्त्र, साधनचिकित्सा, खाज्या नाईक, अंबापाणी, निःशस्त्रीकरण, खानदेश.

१. प्रास्ताविक

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्यापासून मराठी इतिहाससंशोधनाने कागदपत्रांच्या चिकित्सेची एक भक्कम परंपरा निर्माण केली. पत्र अस्सल की नक्कल, त्यावरील मिती जुळते की नाही, हस्ताक्षर कोणाचे, मजकूर कोणत्या हेतूने लिहिला गेला, हे प्रश्न विचारल्याखेरीज कागद प्रमाण मानू नये, हा धडा या परंपरेने दिला. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ ही या परंपरेची खानदेशातील खूण होय. परंतु वस्तुरूप साधनांच्या बाबतीत, विशेषतः शस्त्रांच्या बाबतीत, हीच दक्षता घेतली जात नाही. तलवार दिसली की ती शिवकालीन ठरते आणि ठासणीची बंदूक दिसली की ती ‘सत्तावनची’ ठरते.

हा प्रश्न केवळ संग्रहालयांपुरता नाही. स्थानिक इतिहासाचे प्रकल्प आज महाविद्यालयीन अभ्यासक्रमात आले आहेत. नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीसारख्या गावी एखाद्या विद्यार्थ्याला जुन्या घरात गंजलेली लांब नळीची बंदूक आढळली, तर तिची नोंद त्याने कशी करावी? ‘१८५७ च्या युद्धात हस्तगत केलेली रायफल’ एवढे लिहून तो थांबला, तर त्या एका वाक्यात किमान तीन विधाने पुराव्याविना गृहीत धरली जातात : काळ, युद्ध आणि हस्तांतराचा प्रकार. या तिन्ही विधानांची तपासणी हा या लेखाचा विषय आहे.

२. वस्तूचे वाचन

‘एन्फिल्ड’ या नावाने ओळखली जाणारी १८५३ च्या नमुन्याची रायफल ही तोंडाकडून ठासण्याची बंदूक होती. तिच्या नळीचा अंतर्व्यास ०.५७७ इंच, नळीची लांबी ३९ इंच आणि संपूर्ण बंदुकीची लांबी सुमारे ५५ इंच होती. वजन साडेनऊ पौंडांच्या, म्हणजे सुमारे ४.३ किलोग्रॅमच्या आसपास होते. नळीच्या आत तीन पिळदार आटे असत. बार उडाला की शिशाची लांबट गोळी पसरून या आट्यांत घट्ट बसे आणि स्वतःभोवती फिरत बाहेर पडे. त्यामुळे तिची दिशा स्थिर राही. यापूर्वीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीने शंभर यार्डांपलीकडील माणूस टिपणे हा बहुतांशी योगायोगाचा भाग होता. एन्फिल्डवरील नेमपट्टी मात्र नऊशे यार्डांपर्यंत आखलेली होती. सामान्य सैनिकाला तेवढा पल्ला साधत नसे हे खरे. तरीही तीनशे यार्डांवरील तुकडीला तिचा धाक वाटे, हा फरक लढाईचे स्वरूप बदलण्यास पुरेसा होता.

या शस्त्रावरील खुणा हा त्याचा ‘मजकूर’ होय. घोड्याशेजारील लोखंडी पट्टीवर राजमुकुट, निर्मितीस्थळ आणि वर्ष कोरलेले असते. ईस्ट इंडिया कंपनीने स्वतःसाठी बनवून घेतलेल्या शस्त्रांवर मागील पायांवर उभ्या असलेल्या सिंहाची मुद्रा आढळते. ज्या बंदुकीवर १८५९ किंवा १८६२ हे वर्ष आहे, ती १८५७ च्या लढाईत असणे शक्य नाही, इतकी ही साधी बाब आहे. तथापि वर्ष जुळले म्हणून काम संपत नाही. पट्टी एका बंदुकीची आणि नळी दुसरीची, असे जोडकाम सर्रास होई. १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अनेक एन्फिल्ड बंदुकांचा मागील भाग कापून त्यांना स्नायडर पद्धतीची, मागून भरण्याची रचना बसविण्यात आली. शिवाय जुन्या शस्त्रांच्या बाजारात खोट्या मुद्रांच्या नकलाही कमी नाहीत. खुणा हा पुरावा आहे. पण कागदावरील शिक्क्याप्रमाणेच तोही तपासून घ्यावा लागतो.

नळीचा आतील भाग पाहणे सर्वांत महत्त्वाचे ठरते. बाहेरून हुबेहूब एन्फिल्ड दिसणाऱ्या काही बंदुकांच्या नळीत आटे नसतात. त्या मोडक्या किंवा झिजलेल्या असतातच असे नाही. १८५७ नंतर हिंदी पलटणींसाठी १८५८ व १८५९ च्या नमुन्यांच्या ज्या बंदुका बनविल्या गेल्या, त्यांची नळी मुद्दाम ०.६५६ इंच व्यासाची आणि गुळगुळीत ठेवण्यात आली होती. वसाहतवादी राज्यकर्त्यांचा अविश्वास कोणत्याही अहवालाइतकाच स्पष्टपणे या नळीत वाचता येतो.

३. काडतुसावर थांबलेले कथन

मराठीत १८५७ विषयी जे लेखन झाले, त्यात विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथाचे स्थान अनन्यसाधारण आहे. वरसईचे हे भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे गेले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये हा ग्रंथ संस्कारित स्वरूपात प्रसिद्ध केला. मूळ संहिता दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये उजेडात आणली. गोडसे यांच्या निवेदनात काडतुसाची हकीकत आहे आणि ती धर्मभ्रष्टतेच्या भीतीच्या अंगाने आलेली आहे. ते सैनिक नव्हते. जे ऐकले आणि पाहिले ते त्यांनी लिहिले. वेढ्यातील तोफांचा मारा आणि नंतरची लूट यांचे त्यांनी केलेले चित्रण प्रत्ययकारी आहे. शहरातील सामान्य माणसाला बंदूक कोणत्या बनावटीची आहे यापेक्षा ती आपल्याकडे रोखलेली आहे, हेच प्रथम दिसते. त्यामुळे गोडसे यांच्याकडून शस्त्रचर्चेची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

विनायक दामोदर सावरकर यांच्या १८५७ वरील ग्रंथाचा प्रश्न वेगळा आहे. १९०९ मध्ये इंग्रजीतून प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाने काडतूस हे कारण नसून निमित्त होते, असे प्रतिपादन करून स्वधर्म व स्वराज्य या तत्त्वांना अग्रस्थान दिले. इंग्रज इतिहासकारांच्या ‘शिपायांचे बंड’ या मांडणीला हे आवश्यक उत्तर होते. पुढे १९५७ च्या शताब्दीच्या निमित्ताने सुरेंद्रनाथ सेन आणि रमेशचंद्र मजुमदार यांचे ग्रंथ आले आणि वाद ‘बंड की स्वातंत्र्ययुद्ध’ या नावाभोवती फिरत राहिला. या संपूर्ण वादात काडतूस एक तर कारण ठरले किंवा निमित्त. ते ज्या रायफलीचे होते, ती रायफल चर्चेबाहेरच राहिली.

यामुळे दोन महत्त्वाच्या वस्तुस्थिती झाकल्या गेल्या. पहिली अशी की, उठावाच्या प्रारंभी बंगाल सैन्यातील बहुसंख्य शिपायांच्या हाती एन्फिल्ड रायफल आलेलीच नव्हती. तिचे शिक्षण डमडम, अंबाला व सियालकोट या तीन ठिकाणी नुकतेच सुरू झाले होते. मेरठ येथे २४ एप्रिल १८५७ रोजी ९० पैकी ८५ घोडेस्वारांनी जी काडतुसे नाकारली, तीही नव्या रायफलीची नसून जुन्याच पद्धतीची होती. त्यांचा आक्षेप विशिष्ट वस्तूपेक्षा सत्तेवरील उडालेल्या विश्वासाशी निगडित होता. दुसरी वस्तुस्थिती अशी की, ज्या रायफलीमुळे उठावाला तोंड फुटले असे सांगितले जाते, तीच रायफल उठाव मोडण्याचे एक प्रमुख साधन ठरली. १२ जुलै १८५७ च्या फतेहपूरच्या लढाईनंतर हॅवलॉकने आपल्या सैन्याला उद्देशून काढलेल्या आदेशात विजयाचे श्रेय ज्या गोष्टींना दिले, त्यांत तोफखान्याबरोबर एन्फिल्ड रायफलीचा स्पष्ट उल्लेख होता.

याचा अर्थ शस्त्राने निकाल ठरविला असा सरधोपट निष्कर्ष काढणेही योग्य नव्हे. २२ मे १८५८ रोजी काल्पीजवळ गोलावली येथे झालेल्या लढाईत कडक उन्हाने आणि सततच्या गोळीबाराने एन्फिल्डच्या नळ्यांत मळी साचली, गोळ्या ठासणे अवघड झाले आणि ह्यू रोजची फळी काही काळ संकटात आली. उंटावरील तुकडी वेळेवर पोहोचल्यामुळे ती सावरली. तंत्राची श्रेष्ठता नेहमी हवामान, पुरवठा आणि शिक्षण यांच्या आधारावरच उभी असते, हे या प्रसंगावरून दिसून येते.

४. ‘हस्तगत’ या शब्दाचा अर्थ

नोव्हेंबर १८५७ च्या अखेरीस ग्वाल्हेरच्या फौजेसह तात्या टोपे यांनी कानपूर येथे जनरल विंडहॅमला मागे रेटले. इंग्रजी छावणीतील तंबू व सामानाबरोबर एन्फिल्डची हजारो काडतुसेही त्या वेळी तात्यांच्या सैन्याच्या हाती पडली. येवल्याच्या या सेनानीच्या कारकिर्दीतील हा एक मोठा विजय होय. ज्या काडतुसांना स्पर्शही नको असे म्हटले जात होते, ती आता युद्धलाभ म्हणून स्वीकारली गेली. या प्रसंगाकडे केवळ विरोधाभास म्हणून पाहणे उथळपणाचे ठरेल. सक्तीने तोंडाशी आणलेली वस्तू आणि स्वतः जिंकून घेतलेली वस्तू यांत जो फरक आहे, तो येथे कळीचा आहे. वस्तू तीच राहिली. तिच्याशी असलेले नाते बदलले.

मात्र ६ डिसेंबर १८५७ रोजी कॉलिन कॅम्पबेलने कानपूर येथे ग्वाल्हेरच्या फौजेचा पराभव केला. युद्धात शस्त्रे अशी एकाकडून दुसऱ्याकडे आणि पुन्हा पहिल्याकडे जात राहतात. संग्रहालयातील चिठ्ठी मात्र यांतील शेवटच्या हस्तांतराचीच नोंद करते. ‘बंडखोरांकडून हस्तगत’ असे लिहिले की शस्त्र घेणारा न सांगताही कळतो आणि ज्याच्याकडून ते घेतले त्याला स्वतःचे नाव उरत नाही. त्यामुळे हस्तगत शस्त्राच्या नोंदीत निर्माता, पहिला धारक, हस्तांतराचा प्रसंग आणि अंतिम धारक अशा चार स्वतंत्र बाबी असणे आवश्यक ठरते. ज्या बाबीला पुरावा नाही ती जागा कोरी ठेवणे, हे अंदाजाने ती भरण्यापेक्षा अधिक शास्त्रीय होय.

५. सातपुड्यातील संघर्ष

कळसाडीच्या उत्तरेला पसरलेल्या सातपुड्याच्याच रांगेत, पूर्वेकडे सेंधव्याचा घाट आहे. मुंबई-आग्रा मार्ग या घाटातून जातो आणि कंपनीच्या दृष्टीने तो खजिना, टपाल व सैन्य यांच्या वाहतुकीचा प्रमुख मार्ग होता. १८१८ मध्ये खानदेश ताब्यात आल्यानंतर भिल्लांचा प्रतिकार मोडण्यासाठी कंपनीने दंड आणि नोकरी ही दोन्ही साधने वापरली. १८२५ मध्ये जेम्स औट्रमने धरणगाव येथे उभारलेली भिल्ल पलटण हे या धोरणाचे ठळक उदाहरण होय. खाज्या नाईक हे स्वतः कंपनीच्या सेवेत सेंधवा घाटाच्या रखवालीवर होते; पुढे ही नोकरी गेली आणि त्यांना तुरुंगवासही घडला. १८५७ मध्ये त्यांनी भीमा नाईक यांच्यासह उठाव केला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात सेंधवा घाट परिसरात सात लाखांचा सरकारी खजिना लुटण्यात आला. ११ एप्रिल १८५८ रोजी बडवानी भागातील अंबापाणी येथे निर्णायक लढाई झाली. पकडलेल्यांपैकी अनेकांना जागीच लष्करी न्यायालयापुढे उभे करून गोळ्या घालण्यात आल्या. स्त्रियांनाही कैद करण्यात आले. भीमा नाईक यांना पुढे अंदमानात पाठविण्यात आले आणि १८७६ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला.

या लढाईत एका बाजूला शिस्तबद्ध पलटणी होत्या. दुसऱ्या बाजूला धनुष्यबाण, तलवारी आणि अरब व मकराणी शिबंदीजवळील तोड्याच्या बंदुका. हा असमतोल लक्षात घेतल्याशिवाय अंबापाणीचा अर्थ लागत नाही. भिल्लांनी डोंगर, झाडी आणि दगडांचा आडोसा निवडला, तो ‘रानटी युद्धपद्धती’ म्हणून नव्हे. दूरवर मारा करणाऱ्या शस्त्रासमोर अंतर कमी करण्याचा तोच एक व्यवहार्य मार्ग होता. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या खानदेश गॅझेटियरमध्ये या घटनांची नोंद आहे. परंतु तिचा सूर लुटारूंच्या बंदोबस्ताचा आहे. गॅझेटियर हा मराठी स्थानिक इतिहासलेखकांचा मुख्य आधार राहिल्यामुळे घटनांबरोबर तो सूरही अनेकदा नकळत उचलला गेला आहे. दुसरीकडे, अलीकडील गौरवपर लेखनात वीरत्व आहे, पण लढाईच्या भौतिक परिस्थितीचा विचार क्वचित आढळतो. पहिल्या प्रकारचे लेखन भिल्लांचा हेतू नाकारते, तर दुसरे त्यांचे युद्धकौशल्य दुर्लक्षिते.

६. यादवी, स्वातंत्र्ययुद्ध आणि अमेरिकेचे उदाहरण

१८५७ च्या संघर्षाला यादवी म्हणावे काय, हा प्रश्न मराठी वाचकाला अप्रिय वाटण्याचा संभव आहे. परकीय सत्तेविरुद्धचा लढा या त्याच्या मूळ स्वरूपाला बाधा येऊ न देताही एक गोष्ट मान्य करावी लागते. ह्यू रोजच्या सैन्यात मुंबई इलाख्याच्या हिंदी पलटणी होत्या आणि मुंबई सैन्यात कोकण व देशावरून भरती झालेले मराठी शिपाई मोठ्या संख्येने होते. झाशीची राणी, तात्या टोपे, नानासाहेब ही नावे मराठी आहेत आणि त्यांच्यावर चालून गेलेल्या पलटणींतील अनेक शिपाईही मराठीच होते. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापूर येथे २७ व्या पलटणीने उठाव केला. इतर बहुतेक पलटणी कंपनीच्या बाजूने लढल्या. सातपुड्यात तर कालचा घाटरक्षक आजचा बंडखोर ठरला. हस्तगत रायफलीचा पहिला धारक आणि तिला हस्तगत करणारा हे एकाच जिल्ह्यातील असू शकतात. ‘आपण’ आणि ‘ते’ अशी सरळ विभागणी करणाऱ्या कथनाला ही वस्तू अडचणीची वाटते आणि त्यातच तिचे महत्त्व आहे.

याच रायफलीचा दुसरा प्रवास तुलनेसाठी उद्बोधक आहे. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तर व दक्षिण या दोन्ही पक्षांनी इंग्लंडमधून एन्फिल्ड रायफली मोठ्या प्रमाणावर खरेदी केल्या आणि एकमेकांकडून हस्तगतही केल्या. या युद्धाने अमेरिकन कापसाचा पुरवठा तुटला आणि खानदेशातील कापसाला अभूतपूर्व भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपताच तो कोसळला. ती रायफल अशा रीतीने खानदेशच्या शेतकऱ्याच्या जमाखर्चापर्यंतही पोहोचली.

तथापि खरा भेद युद्धोत्तर काळात दिसतो. अमेरिकेत १८६५ मध्ये सेवामुक्त होणाऱ्या संघराज्याच्या सैनिकाला ठराविक किंमत भरून स्वतःची बंदूक घरी नेण्याची मुभा मिळाली. त्यामुळे तेथे अशा रायफलीबरोबर कुटुंबाचे नाव, पत्रे आणि आठवणी टिकून राहिल्या. भारतात १८५७ पासूनच शस्त्रबंदीचे कायदे लागू झाले आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरविला. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. शस्त्रे जमा झाली, मोडली गेली, वितळविली गेली. सातपुड्यातील पराभूतांच्या घरात हस्तगत रायफल का टिकली नाही, याचे उत्तर त्यांच्या उदासीनतेत शोधता येणार नाही. ते या कायद्यात आहे.

७. अविश्वासाची परंपरा

पील आयोगाच्या १८५९ च्या शिफारशींनंतर तोफखाना प्रामुख्याने युरोपियनांच्या हाती ठेवण्यात आला. हिंदी पलटणींना ब्रिटिश पलटणींपेक्षा एक पिढी जुने शस्त्र देण्याचा प्रघात पडला. ब्रिटिश सैनिकाकडे मार्टिनी-हेन्री आली तेव्हा हिंदी शिपायाकडे स्नायडर होती. विसाव्या शतकात लांब पल्ल्याच्या ली-एन्फिल्ड रायफलींचे गुळगुळीत नळीच्या, एकेक बार भरण्याच्या ०.४१० बोअरच्या बंदुकांत रूपांतर करून त्या पोलीस व रखवालदारांना देण्यात आल्या. १८५८ च्या आटे नसलेल्या नळीमागील विचार अशा प्रकारे पुढील शतकातही टिकून राहिला.

नंदुरबार परिसराच्या स्मृतीत बंदूक येते ती बहुधा नळीच्या समोरच्या बाजूने. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबार येथील मिरवणुकीवर झालेल्या पोलीस गोळीबारात बालहुतात्मा शिरीषकुमार व त्यांचे सहकारी धारातीर्थी पडले. २ मार्च १९४३ रोजी तळोदा तालुक्यातील रावलापाणी येथे संत गुलाम महाराजांच्या आप पंथीय आदिवासी अनुयायांवर गोळीबार झाला. या घटनांच्या अभ्यासात सरकारी अहवालाबरोबर घटनास्थळ, गोळ्यांच्या खुणा आणि वापरलेल्या शस्त्राचा प्रकार यांचीही नोंद व्हावयास हवी. गोळीचा पल्ला व दिशा यांवरून गोळीबार किती अंतरावरून झाला हे ताडता येते आणि अंतर कळले की ‘स्वसंरक्षणार्थ’ या अहवालातील नेहमीच्या शब्दाची परीक्षा करता येते.

८. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात. एक, १८५७ विषयीच्या मराठी कथनाने काडतुसाला दिलेले महत्त्व रायफलीला दिले नाही. परिणामी धर्मभावनेची चर्चा झाली, पण शस्त्रांतील विषमता आणि त्यामागील सत्ताकारण दुर्लक्षित राहिले. दोन, खानदेशातील भिल्लांच्या उठावाचे मूल्यमापन या विषमतेच्या संदर्भात केल्यास गॅझेटियरचा सूर आणि गौरवाचा सूर या दोहोंपलीकडे जाता येते. तीन, हस्तगत शस्त्र हे दोन बाजूंचे साधन आहे. त्याची नोंद केवळ विजेत्याच्या नावाने होणे ही साधनचिकित्सेतील त्रुटी होय.

व्यवहाराच्या दृष्टीने महाविद्यालयीन इतिहास विभागांनी स्थानिक संग्रहातील जुन्या बंदुकांची पद्धतशीर नोंद करणे अगत्याचे आहे. पट्टीवरील मुद्रा व वर्ष, नळीचा व्यास, आट्यांची संख्या, नंतर केलेले बदल आणि धारक कुटुंबाचे निवेदन या पाच गोष्टी प्रत्येक नोंदीत असाव्यात; निवेदन आणि वस्तूवरील पुरावा यांत तफावत असल्यास दोन्ही स्वतंत्रपणे लिहावेत. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमाने दुरुस्तीनंतरही चालू शकणार नाहीत अशा कालबाह्य किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रांना सवलत दिली आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. धारकाला याची कल्पना असल्यास अशा वस्तू भीतीपोटी विहिरीत किंवा भंगारात जाणार नाहीत. कळसाडीच्या परिसरात उद्या एखादी आटे नसलेली एन्फिल्ड सापडली, तर ‘सत्तावनची रायफल’ ही चिठ्ठी तिच्यावर लावता येणार नाही. ती सत्तावननंतरच्या अविश्वासाची बंदूक असेल आणि तिची योग्य नोंद झाल्यास खानदेशाच्या इतिहासाला त्याचा अधिक उपयोग होईल.